तेवीस गोष्टी

गावातील लहानसे वाचनालय असो की शहरातील मोठे ग्रंथालय असो, आत पाऊल टाकताच समोर एक टेबल दिसते. त्यावर नोंदवही असते, तारखेचा शिक्का असतो, परत आलेल्या पुस्तकांची चळत असते; अलीकडे यांच्या जोडीला संगणकही येऊन बसला आहे. टेबलामागे ग्रंथालयातील एखादे गृहस्थ किंवा बाई काम करीत असतात. आपण त्यांच्यापुढे जातो आणि विचारतो, "शिवकालीन किल्ल्यांवर एखादे पुस्तक आहे का?" ते क्षणभर विचार करतात, उठतात, कपाटाकडे जातात आणि नेमके पुस्तक काढून आपल्या हाती ठेवतात. आपल्याला वाटते, या माणसाला सारे काही ठाऊक आहे! ग्रंथपालाला काय येत नसेल, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येतच नाही.

पण त्याच टेबलापाशी निराळाच वाचक आला तर? समजा, एक वृद्ध गृहस्थ येऊन म्हणाले, "माझा मुलगा परदेशी असतो. नातवाची छायाचित्रे त्याने इंटरनेटवर ठेवली आहेत म्हणतो. ती कशी पाहायची, ते मला दाखवाल का?" किंवा एखादी मुलगी आली आणि म्हणाली, "मला नोकरीसाठी अर्ज करायचा आहे, पण तो म्हणे कागदावर घेतच नाहीत." आता कपाट उघडून उपयोग नाही. वीस-वीस वर्षे पुस्तकांत वावरलेला तो अनुभवी माणूस एकाएकी गप्प होतो. "ते मला ठाऊक नाही" हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला सहज म्हणता येते. पन्नाशीच्या ग्रंथपालाला ते म्हणताना जीभ अडखळते. आणि तसे म्हटल्यावर वाचक निघून जातो. तो परत येईलच असे नाही.

ही अडचण काही वर्षांपूर्वी जगातील पुष्कळ ग्रंथालयांपुढे उभी राहिली. अमेरिकेतील एका ग्रंथालयाने तिच्यातून जी वाट काढली, तिची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचे मोठे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय १९०३ साली सुरू झाले. कार्नेगी या पोलादाच्या कारखानदाराने दिलेल्या देणगीतून त्याची पहिली इमारत उभी राहिली होती. पुढे शहर वाढले, तसे ग्रंथालयही वाढले. २००६ साली शहरात आणि भोवतालच्या मेक्लेनबर्ग परगण्यात मिळून त्याच्या दोन डझनांच्या आसपास शाखा होत्या आणि सेवकांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. कोणी मुलांना गोष्टी सांगत, कोणी पुस्तकांची देवघेव पाहत, कोणी नवी पुस्तके नोंदवीत, तर कोणी ती कपाटात लावून ठेवीत.

त्या सुमारास इंटरनेटचे रूप झपाट्याने पालटत होते. तोवर बहुतेक लोक इंटरनेटवर जात ते वाचण्यासाठी. लिहिणारे मोजके होते. आता कोणीही उठावे आणि लिहावे, आपली छायाचित्रे मांडावीत, चित्रफीत दाखवावी, दुसऱ्याच्या लेखात भर घालावी, असे होऊ लागले. विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहावयाचा ज्ञानकोश २००१ साली निघाला. (मराठी विकिपीडियाचा आरंभही लवकरच, २००३ साली झाला.) छायाचित्रांसाठी फ्लिकर २००४ साली आले, चित्रफितींसाठी यूट्यूब २००५ साली आले. आज तुम्हांला ही नावे घराच्या दारखिडक्यांइतकी परिचयाची आहेत. परंतु त्या वेळी ती नवी होती. आयफोनसुद्धा २००७ साली निघाला, म्हणजे ही हकीकत त्याच्या आदल्या वर्षाची आहे. खिशातून फोन काढून चटकन पाहावे, अशी सोय तेव्हा फार थोड्यांना होती. ज्याला ही नवी साधने वापरावयाची असत, तो ग्रंथालयातील संगणकापुढे येऊन बसे आणि अडला की मागे वळून तेथील सेवकाकडे पाही.

शार्लटच्या ग्रंथालयात तंत्रज्ञानाचे काम हेलीन ब्लोअर्स या बाई पाहत असत. आपल्या सेवकांना हे सारे शिकवावयाचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ग्रंथपालांना शिकवावे लागते, ही कल्पना काही नवी नव्हती. आपल्याकडेच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास मुद्दाम बोलावून घेतले होते आणि त्यांनी दुसऱ्याच वर्षी बडोद्यास ग्रंथपालांसाठी वर्ग काढला होता. परंतु शार्लटची गोष्ट वेगळी होती. पाचशे माणसांना एकाच वेळी वर्गात बसवले, तर शाखा उघडणार कोणी? वाचकांनी का दाराशी ताटकळत उभे राहावे? शिवाय वर्गात एकाने फळ्यावर लिहावे आणि बाकीच्यांनी ते उतरून घ्यावे, अशा रीतीने ही विद्या येत नाही. पोहण्याचे पुस्तक पाठ करून कोणाला पोहता आले आहे?

आणखी एक अडचण होती. ती कोणी बोलून दाखवीत नसले, तरी मला तीच सर्वांत मोठी वाटते. पुष्कळ सेवकांच्या मनात धास्ती होती. काही चुकले तर? संगणक बिघडला तर? नुकताच कामावर आलेला तरुण सोबती हसला तर? लोक ज्याला विचारावयास येतात, त्यानेच विद्यार्थी होऊन बसणे सोपे नसते. परीक्षेत चुकण्याची भीती तुम्हांला वाटते ना? मोठ्या माणसांना ती तुमच्याहून अधिक वाटते. फक्त ती लपवण्याची कला त्यांना साधलेली असते.

त्याच वर्षी स्टीफन एब्रम या कॅनडातील ग्रंथपालांचा एक लेख ब्लोअर्सबाईंच्या वाचनात आला होता. नव्या काळात टिकावयाचे असेल, तर वर्षभरात करून पाहाव्यात अशा सुमारे त्रेचाळीस गोष्टींची यादी त्यांनी त्या लेखात दिली होती. बाईंनी त्या कल्पनेचा धागा पकडला आणि आपल्या लोकांसाठी तेवीस गोष्टींची यादी केली. ती इंटरनेटवर मांडली आणि ऑगस्ट २००६ मध्ये नऊ आठवड्यांचा उपक्रम सुरू झाला. आठवड्याला दोन-तीन गोष्टी, एवढाच अभ्यास!

या शाळेचे नियम मोठे गमतीचे होते. पहिले म्हणजे शिक्षक नव्हता. यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे थोडी माहिती, काही दुवे आणि करून पाहावयाचा एक छोटा पाठ दिलेला असे. पुढचे ज्याचे त्याने शोधावयाचे. अडले, तर शेजारच्या सोबत्याला विचारावयाचे. दुसरे म्हणजे सक्ती नव्हती. ज्याची इच्छा असेल त्यानेच नाव नोंदवावे आणि कामाच्या वेळातून सवड काढून, आपल्या गतीने शिकावे. तिसरा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येकाने पहिल्या आठवड्यांतच स्वतःचा एक ब्लॉग, म्हणजे इंटरनेटवरील एक उघडी रोजनिशी, सुरू करावयाची होती आणि पुढचा प्रत्येक पाठ केल्यावर काय जमले, काय जमले नाही, हे तीत लिहावयाचे होते. मात्र त्या रोजनिशीवर खरे नाव घालण्याची अट नव्हती. हवे ते टोपणनाव घ्यावे! ज्याला हसे होण्याची भीती होती, त्याला या टोपणनावाआडून मोकळेपणाने चुका करता आल्या. आपल्या मराठीतही टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या लेखकांची परंपरा मोठी आहे, हे तुम्ही जाणताच.

चौथी गोष्ट बक्षिसाची. जो तेवीसही गोष्टी पुऱ्या करील, त्याला गाणी आणि बोलकी पुस्तके ऐकण्याचे खिशात मावणारे एक यंत्र, ज्याला एमपी-थ्री प्लेअर म्हणत, ते मिळावयाचे होते. शिवाय सोडतीत एक छोटा संगणकही ठेवला होता. मोठ्या माणसांना बक्षिसाचा कसला मोह, असे तुम्ही म्हणाल. पण तो असतो बरे!

यादीतील अगदी आरंभीचा एक पाठ संगणकाचा नव्हताच. आयुष्यभर शिकत राहणाऱ्या माणसाला कोणत्या सवयी असतात, हे त्यात सांगितले होते. अशा सवयी साडेसात आहेत म्हणे! कोठे पोहोचावयाचे ते आधी ठरवणे, आपल्या शिकण्याची जबाबदारी आपण घेणे, अडचणीला आव्हान समजणे, दुसऱ्याला शिकवणे अशा त्या सात सवयी. आणि उरलेली अर्धी सवय म्हणजे खेळणे. ही शेवटची सवय अर्धीच का धरली, कोण जाणे. पुढील नऊ आठवड्यांत तिनेच सर्वांत अधिक काम केले, असे दिसते.

मग पाठांना सुरुवात झाली. एका आठवड्यात छायाचित्रे मांडणे आणि शोधणे आले. पुढच्या आठवड्यात फीड आले. फीड म्हणजे काय? तुम्ही दहा नियतकालिके वाचता आणि प्रत्येकाचा नवा अंक निघाला की नाही हे पाहण्यासाठी रोज दहा दुकाने हिंडता, अशी कल्पना करा. त्याऐवजी प्रत्येक दुकानदारानेच नवा अंक आल्याची वर्दी तुमच्या दाराशी आणून दिली तर? हे काम फीड करते. ज्यांना वाचकांसाठी शेकडो ठिकाणची माहिती गोळा करावी लागते, त्यांच्या दृष्टीने ही सोय किती मोलाची, हे सांगावयास नकोच.

पण ग्रंथपालांना खरे कोडे पडले ते टॅगपाशी, आणि ते कोडे समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तके बहुधा ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावलेली असतात. ही पद्धत १८७६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक विषयाला एक अंक ठरलेला असतो: खेळांना ७९६, आशिया खंडाच्या भूगोलाला ९१५, असे. आता हिमालयातील चढाईवरचे एखादे पुस्तक आले. गिर्यारोहण हा खेळ म्हणून ते ७९६ मध्ये ठेवावे, की हिमालयाचे वर्णन म्हणून ९१५ मध्ये? पुस्तक एक आणि जागाही एकच. म्हणून ग्रंथपालाला काहीतरी एक ठरवावेच लागते. ठरवण्याचे हे कौशल्य म्हणजे त्याच्या विद्येचा प्राण होय.

टॅगची रीत याच्या अगदी उलटी. टॅग म्हणजे वाचकाने स्वतः लावलेली खुणेची चिठ्ठी. त्याच पुस्तकावर एक वाचक 'हिमालय' अशी चिठ्ठी लावील, दुसरा 'गिर्यारोहण' अशी लावील, तिसरा 'बर्फ', चौथा 'साहस', आणि पाचवा नुसतेच 'आजोबांना आवडेल' असे लिहून मोकळा होईल! चिठ्ठ्या कितीही असोत, त्यांपैकी कोणतीही धरून शोधले तरी पुस्तक सापडते. लायब्ररीथिंग नावाचे एक संकेतस्थळ २००५ साली निघाले होते. आपल्या घरची पुस्तके तेथे नोंदवावयाची आणि त्यांना आपल्याला वाटतील ते टॅग लावावयाचे, अशी त्याची रचना आहे. तेवीस गोष्टींत त्याचाही समावेश होता. जन्मभर इतरांच्या पुस्तकांना काटेकोर क्रमांक देणारी माणसे आता स्वतःच्या पुस्तकांना मनाला येईल ते नाव देऊ लागली. या चिठ्ठ्यांनी गोंधळ होतो, एकाच गोष्टीला दहा जण दहा नावे देतात, हा आक्षेप खराच आहे. पण वाचक कोणत्या शब्दांनी शोधतो, हेही त्या गोंधळातूनच कळते. मला विचाराल तर, ग्रंथालयाला दोन्ही रीती हव्यात.

सातव्या आठवड्यात विकी आले. ज्या पानावर वाचणाऱ्यालाच लिहिता येते, आधीचे खोडता येते आणि दुसऱ्याने खोडलेले परत आणता येते, ते विकी. ते शिकण्यासाठी एक मोकळे पान तयार केले होते आणि त्याला नाव दिले होते 'सँडबॉक्स'. लहान मुलांना खेळण्यासाठी वाळू भरून ठेवलेली चौकोनी जागा असते, तिला इंग्रजीत असे म्हणतात. वाळूत किल्ला बांधावा, मोडावा, पुन्हा बांधावा. कोणाचे काही बिघडत नाही. या पानावर ग्रंथालयातील मंडळींनी आपली आवडती पुस्तके, सहलीची आवडती ठिकाणे अशा याद्या लिहावयाच्या होत्या. एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने भर घालावी. एरवी एका शाखेतील सेवकाला दूरच्या शाखेतील सेवकाचे नावही ठाऊक नसावयाचे. येथे तो सहलीला कोठे जातो आणि कोणते पुस्तक उशाशी घेऊन निजतो, तेही कळू लागले.

सारेच सुरळीत झाले, असे मात्र नाही. काहींनी नाव नोंदवून मध्येच सोडून दिले. आधीच काम थोडे नाही, त्यात ही खेळणी कशाला, असा प्रश्न अशा उपक्रमात निघतोच, आणि तो अगदीच गैर नाही. टेबलासमोर वाचकांची रांग लागलेली असताना सेवकाने संगणकावर चित्रे पाहत बसावे, हे कोणाला आवडेल? म्हणूनच केव्हा शिकावयाचे, हे आपल्या वरिष्ठांशी बोलून ठरवावे लागे. पण ज्यांनी सोडले नाही, त्यांची संख्या मोठी होती. एकाला फीड जमले, तो दुसऱ्याला दाखवू लागला. दुसऱ्याला छायाचित्रे जमली, ती त्याने तिसऱ्याला शिकवली. पुष्कळदा शिकवणारा वयाने लहान असे आणि शिकणारा हुद्द्याने मोठा. रोजनिशी उघडी असल्यामुळे एकाची फजिती दुसऱ्याने वाचावी, हसावे आणि "माझेही असेच झाले" असे खाली लिहावे, असेही होऊ लागले. शेवटच्या आठवड्यात चित्रफिती, ध्वनिफिती आणि बोलकी पुस्तके आली. तेविसावी गोष्ट सर्वांत सोपी होती आणि कदाचित सर्वांत अवघडही: या नऊ आठवड्यांत आपण काय शिकलो, ते आपल्याच शब्दांत लिहावयाचे.

ब्लोअर्सबाईंनी आपली यादी कुलपात ठेवली नाही. कोणत्याही ग्रंथालयाने ती घ्यावी, बदलावी आणि वापरावी, अशी मोकळीक त्यांनी दिली. मग ती यादी समुद्र ओलांडून गेली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या उपनगरांतील यारा प्लेंटी ग्रंथालयाने ती त्याच वर्षी घेतली. पुढे हॉलंड, डेन्मार्क अशा देशांत आणि २०१० साली इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ती गेली. शेकडो ग्रंथालयांनी आपापल्या 'तेवीस गोष्टी' केल्या. गंमत अशी, की गोष्टी बदलत गेल्या, पण तेवीस हा आकडा बहुतेकांनी तसाच ठेवला!

गोष्टी तर बदलाव्याच लागल्या. शार्लटच्या मंडळींनी हौसेने शिकलेल्या साधनांपैकी कित्येक आज नाहीशी झाली आहेत. फीड वाचण्यासाठी लोक पुढे गूगल रीडर वापरू लागले. ते २०१३ साली बंद झाले. टॅग लावून पाने जपून ठेवण्याचे डेलिशस नावाचे संकेतस्थळ तेवीस गोष्टींत होते. २०१७ साली त्याने नव्या नोंदी घेणे थांबवले. मग ती सारी धडपड वाया गेली का? भारतातील थोर ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांना हा प्रश्न विचारता आला असता, तर ते बहुधा हसले असते. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि नवे शास्त्र त्यांना अगदी पहिल्यापासून शिकावे लागले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे त्यांतील चौथे. पाचव्या सूत्रात त्यांनी ग्रंथालयाला वाढता जीव म्हटले आहे. वाढणारा जीव जुनी पाने गाळतो आणि नवी धरतो.

एडिंबरो विद्यापीठाने २०१६ साली आपल्या लोकांसाठी पुन्हा नव्या तेवीस गोष्टी काढल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळ साधने शार्लटच्या यादीत नव्हती. ज्यांनी एकदा ही रीत अंगवळणी पाडली होती, त्यांना पुढची साधने शिकताना दर वेळी नव्याने धीर गोळा करावा लागला नसेल.

आज त्या टेबलापाशी येणारा वाचक आणखी निराळे प्रश्न घेऊन येतो. तो फोन पुढे करतो आणि म्हणतो, "या यंत्राने मला हे उत्तर दिले. हे खरे आहे का हो?" टेबलामागच्या बाईंनी ते यंत्र पूर्वी कधी वापरलेले नसेलही. त्या चष्मा नीट करतात, शेजारची खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "बसा. मलाही हे नवीनच आहे. आपण दोघे मिळून पाहू."